‘असंबद्ध बडबड’ असा शेरा, आणि खाटेजवळची भाषेची तपासणी

कॉलच्या चिठ्ठीवर इंग्रजीत दोन ओळी होत्या. रुग्ण शुद्धीवर आहे, असंबद्ध बडबड करतो, सूचना पाळत नाही. खाली: मानसोपचार आणि स्पीच, दोन्हीकडचं मत घ्यावं. तारीख 6 फेब्रुवारी. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, तुरीची आवक जोरात असते ते दिवस. रुग्णही मोंढ्यातलाच, मापाडी, वय 58, शिक्षण चौथी. नाव लिहीत नाही. वॉर्डात सगळे त्यांना मामा म्हणायचे, इथंही तेच म्हणते.

मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयात मी वाचा-उपचारक आहे. मामांना झाला होता वाचाघात, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषाच बिघडणं. त्यांच्या तपासणीचे कागद ऑगस्टमध्ये एकदाचे पूर्ण झाले, म्हणून सगळं तारखेवार लिहून ठेवतेय. नव्यानं लागलेल्या इंटर्नच्या हातात पहिल्यांदा अशी चिठ्ठी पडते तेव्हा पोटात गोळा येतो. घरच्यांची गत तर त्याहून वाईट, कारण माणूस समोर बसून बोलतोय आणि एक शब्द कळत नाही.

घडलं ते असं. 3 तारखेला दुपारी मापं चालू असताना मामा मध्येच भलतंच बोलू लागले. हातपाय धड, तोंड वाकडं नाही. अंगावरून वारं गेलं की हात लुळा पडतो हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. इथं हात चालत होता, त्यामुळे लकव्याचा विचार कुणाच्या मनात आला नाही. एकाला वाटलं, घेतली असेल. दुसऱ्यानं बाहेरचं काही असेल म्हणून लिंबू उतरवला. रात्र घरीच गेली. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, ती वेळ लिंबातच निघून गेली. 4 तारखेला सकाळी दाखल झाले. सीटीत मेंदूच्या डाव्या बाजूला, कानाच्या वरच्या-मागच्या भागात रक्तपुरवठा तुटल्याचं दिसलं.

हात का वाचला, ते घरच्यांना पहिल्याच भेटीत सांगावं, नाहीतर ‘मॅडम, लकवा असता तर हात गेला नसता का?’ हा प्रश्न रोज येतो. हात हलवणारा पट्टा मेंदूत पुढे आहे आणि ऐकलेल्या शब्दाचा अर्थ लावणारा भाग मागे. पॉल ब्रोकानं 1861 मध्ये पुढच्या भागाचा रुग्ण वर्णिला, समजायचं पण बोलता येत नव्हतं असा. 1874 मध्ये कार्ल वेर्निकेनं मागच्या भागाचे रुग्ण मांडले: बोलणं धो धो, पण समज गेलेली. पुढचा भाग हाताच्या पट्ट्याला लागून आहे, म्हणून ब्रोका पद्धतीच्या वाचाघातात उजवा हात बहुधा सोबत जातो. वेर्निके पद्धतीत पुष्कळदा हात-पाय शाबूत राहतात, आणि मग माणूस वेडा ठरतो किंवा दारुडा.

पहिल्या दिवशी मी तपासणीची कार्डं काढलीच नाहीत. आधी फाइल वाचली. साखर किती होती, फिट आली होती का, झोपेचं औषध चालू आहे का, ताप आहे का. साखर खूप खाली गेली तरी बोलणं असंच विसकटतं. फिटनंतर काही तास वाचा जाते आणि आपोआप परतते. मामांची साखर ठीक होती, फिट नव्हती. मग मुलाला विचारलं: लिहायचे कोणत्या हातानं? उजव्या. चष्मा? गावाकडं राहिलाय. कवळी नाही. ऐकू कमी यायचं का? नाही, मोंढ्यातल्या कालव्यातही हाक ऐकू यायची. तरी मी त्यांच्या मागं उभं राहून चुटकी वाजवली, दोन्ही कानांशी. दोन्हीकडं मान वळली. घरात कोणती भाषा? मराठी. हमालांशी आणि काही व्यापाऱ्यांशी दखनी उर्दू. हा प्रश्न मराठवाड्यात सोडूच नये. देगलूर-बिलोलीकडं घरात तेलुगू निघते, उदगीर-उमरग्याकडं कन्नड, तांड्यावर गोरमाटी, आणि केस पेपरवर मात्र सगळ्यांची मातृभाषा मराठी. माणूस कोणत्या भाषेत मोजायचा, शिव्या द्यायचा आणि देवाचं नाव घ्यायचा, ते मी विचारते. उत्तर बहुतेक वेळा केस पेपरपेक्षा खरं असतं.

वेळ निवडणंही तपासणीचाच भाग आहे. साडेअकराला वॉर्डात जेवणाच्या गाड्या, भेटायला आलेली माणसं आणि शेजारच्या खाटेवर मोबाइलवर कीर्तन. त्या आवाजात धडधाकट माणूसही चुका करेल. मी चिठ्ठीवर वेळ टाकली आणि दुपारी तीनला परत आले. खाट भिंतीकडं वळवली, डोकं उंच केलं, एक नातेवाईक ठेवला, बाकीच्यांना बाहेर काढलं. पहिल्या आठवड्यात एका वेळी 15 ते 20 मिनिटांच्या पुढं जात नाही. थकवा आला की गुण घसरतात, आणि ते गुण भाषेचे नसतात, थकव्याचे असतात.

‘मामा, काय झालं होतं त्या दिवशी?’

‘हां, ते काय, पोत्यातलं ते सुंबरं काढायलो होतो, मंग तेच्यात त्यानं लाभ धरला म्हून ते वरून खाली गेलं, बगा ना.’

मी फोनवर तीन मिनिटं रेकॉर्ड केलं, मुलाची परवानगी घेऊन. नंतर शब्दशः उतरवून काढायला चाळीस मिनिटं गेली. पण त्या कागदावर जे दिसलं ते वॉर्डात उभ्याउभ्या दिसलं नसतं. वाक्याचा सूर अगदी मोंढ्यातला. प्रत्यय जागच्या जागी: ‘पोत्यातलं’, ‘तेच्यात’, ‘वरून’. जीभ अडखळत नव्हती, एका दमात सात-आठ शब्द येत होते. गळाली होती ती नामं, आणि त्यांच्या जागी ‘ते’, ‘तेच्यात’, नाहीतर बनवलेला शब्द. ‘सुंबरं’ मला माहीत नव्हतं. मुलाला विचारलं, हे मोंढ्यातलं एखादं अवजार तर नाही ना? नाही म्हणाला. मग आडतीवर फोन लावून विचारायला लावलं. तिथंही नाही. असं विचारावंच लागतं. दाभण, रुमणं, कासरा हे शब्द शहरात वाढलेल्या तपासनिसाला बनावट वाटू शकतात, आणि अस्सल शब्द ‘निरर्थक’ म्हणून नोंदवला तर सगळं निदानच घसरतं.

बोलीचंही तेच. ‘काढायलो’, ‘पाऊस पडायलाय’ ही इथली शुद्ध रूपं आहेत. बाहेरून आलेल्या एका रेसिडेंटनं मागे एका बाईंच्या कागदावर ‘क्रियापदं चुकतात’ असं लिहिलं होतं. त्या चुकत नव्हत्या.

मग समज. इथं सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून सविस्तर लिहिते. मामी म्हणाल्या, ‘त्यांना समदं कळतंय ओ मॅडम. जेवायला बसा म्हटलं की बसतेत.’ त्या खोटं बोलत नव्हत्या. फक्त ‘जेवायला बसा’ म्हणताना त्यांच्या हातात ताट होतं.

मी ताट बाजूला ठेवायला सांगितलं, स्वतःचे दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि फक्त तोंडानं बोलले. हात मागे हवेतच. आपण नकळत बोट दाखवतो, मान हलवतो, वस्तूकडं बघतो. ‘डोळे मिटा’ म्हणताना स्वतःचे डोळे मिटणारे तपासनीस मी पाहिले आहेत, आणि त्यांत एकदा मीही होते. हुकूम देताना मी रुग्णाच्या कपाळाकडं बघते. ‘डोळे मिटा’: मिटले. ‘जीभ दाखवा’: दाखवली. इथं थांबणारा डॉक्टर ‘सूचना पाळतो’ असं लिहून मोकळा होतो. पण डोळे, जीभ, उभं राहा, आडवं व्हा, अशा शरीराच्या मध्यरेषेच्या सूचना वेर्निके पद्धतीच्या वाचाघातात इतर सूचनांपेक्षा जास्त टिकून राहतात. पुढची सूचना दिली: ‘डाव्या हातानं उजवा कान धरा.’ मामांनी पुन्हा जीभ दाखवली. ‘खिडकीकडं बोट करा.’ जीभ. दहा साध्या सूचनांपैकी तीन बरोबर आल्या, त्यातल्या दोन डोळ्यांच्या आणि जिभेच्या.

हो-नाहीचे प्रश्न 20 विचारले, दहांचं उत्तर हो, दहांचं नाही, क्रम उलटसुलट. ‘तुम्ही मोंढ्यात काम करता का?’, ‘तुम्ही बाई आहात का?’, ‘भाकरी दगडाची करतात का?’, ‘तुरीची डाळ होते का?’ त्याआधी हो आणि नाहीची खूण पक्की केली, कारण आपल्याकडची मान हलवण्याची तऱ्हा दोन्ही अर्थांनी वाचता येते. अंगठा वर म्हणजे हो, तळहात आडवा म्हणजे नाही, हे पाच वेळा करून घेतलं. मामांनी 17 प्रश्नांना हो म्हटलं. बरोबर आले 11. वरवर पाहता निम्म्याहून जास्त, पण नाणं उडवून उत्तरं दिली तरी साधारण 10 बरोबर येतात. म्हणून नुसता एकूण आकडा लिहू नये. खऱ्या प्रश्नांत किती, खोट्यांत किती, वेगळं लिहावं. मामांचे खऱ्यांत 9 आणि खोट्यांत 2. म्हणजे त्यांना प्रश्न कळत नव्हता, पण आपल्याला काहीतरी विचारलंय आणि भल्या माणसानं हो म्हणावं, एवढं कळत होतं. वॉर्डात दखनी बोलणारे एक कर्मचारी आहेत. त्यांच्याकडून दहा प्रश्न दखनीत विचारून घेतले. चित्र तेच.

मानसोपचाराचा कॉल मी रद्द करायला सांगितलं नाही, तो माझा अधिकार नाही. पण त्याच दिवशी फाइलमध्ये लिहिलं की बोलण्याची पाळी ते पाळतात, मी बोलत असताना थांबतात, सुरावरून हा प्रश्न आहे हे ओळखतात, आलेल्या माणसाला हात जोडतात. गोंधळलेल्या अवस्थेतला रुग्ण असा टिकत नाही, त्याचं लक्ष पाण्यासारखं वाहून जातं, सकाळी एक आणि रात्री एक. लक्ष तपासायला आकडे उलटे म्हणायला सांगायचे तर ती पुन्हा भाषाच झाली. म्हणून पेननं खाटेच्या दांड्यावर ठोके दिले: दोन-एक, एक-तीन, दोन-दोन-एक. मामांनी तिन्ही नमुने बोटांनी परत वाजवले. लक्ष शाबूत होतं.

निघता निघता गिळण्याचं बघितलं. मामी चहा पाजतच होत्या. बसतं करून आधी 5 मिलीचा एक चमचा पाणी, मग आणखी दोन चमचे, मग घोट. खोकला नाही, आवाज ओला नाही. चहा चालू ठेवला. बोलणं बिघडलं म्हणजे गिळणं बिघडलंच असं नाही, तरी बघितल्याशिवाय कुणाला काही पाजू नये.

7 तारखेला नामं आणि पुनरुच्चार.

वस्तूंची कार्डं मी मागच्या वर्षी स्वतः करून घेतली होती. 24 फोटो, फोटोचे 10 रुपये आणि लॅमिनेशनचे 15, मिळून 600 रुपये. निम्मी आता वापरत नाही. लॅमिनेशनवर वॉर्डातली ट्यूबलाइट चमकते आणि म्हाताऱ्या डोळ्यांना काही दिसत नाही. आता एका डब्यात खऱ्या वस्तू ठेवते: किल्ली, चमचा, कंगवा, काडीपेटी, चुन्याची डबी, सुई-दोरा, बटण, पाच रुपयांचं नाणं, मनगटी घड्याळ, पेन. वापरल्यावर स्पिरिटनं पुसायच्या. बाकीच्या दहा वस्तू अंगावर आणि वॉर्डातच असतात: कॉलर, बाही, नख, घड्याळाचा काटा, उशी, तांब्या. लकव्याच्या मोजपट्टीसोबत येणाऱ्या छापील कागदावर हातमोजा, निवडुंग, पीस आणि झाडाला बांधायची झोळी आहे. निवडुंग आणि पीस आपल्याकडं चालून जातं. झोळीला बहुतेक जण ‘लेकराची झोळी’ म्हणतात आणि ते बरोबरच धरायचं. हातमोजा चुकला तर मी त्यावरून काहीच ठरवत नाही.

किल्ली पुढं धरली. 20 सेकंद थांबायचं, घड्याळ लावून. हे 20 सेकंद सगळ्यात अवघड, कारण नातेवाइकाला राहवत नाही. पहिल्या दोन वस्तूंना मामा अडले की माझ्या पाठीमागून मुलगा ओठांनी शब्द दाखवत होता. ते मला तिसऱ्या वस्तूला कळलं. दोन्ही गुण खोडले, मुलाची खुर्ची माझ्या समोर आणली, पुन्हा किल्लीपासून सुरुवात केली. शब्द नाही आला तर आधी अर्थाची मदत द्यायची, ‘कुलपाला लावतात ते’, मग पहिलं अक्षर, ‘कि...’. कोणत्या पायरीवर आला ते लिहायचं. पुढं उपचार तिथूनच सुरू होतात. ‘चाबी’ म्हणाले तरी पूर्ण गुण.

मामा किल्लीला म्हणाले, ‘लाभ.’ चमच्याला ‘लाभ’. कंगव्याला थोडा विचार करून ‘हां, हे तर लाभच.’

मापाडी धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. तीस-पस्तीस वर्षं दिवसाला शेकडो वेळा तोंडात आलेला शब्द. एकच शब्द असा अडकून बसणं वाचाघातात नेहमीचं आहे. अशा वेळी वस्तू भराभर दाखवत गेलं तर तो आणखी रुतत जातो. मी डबा बंद केला, पाणी दिलं, दोन मिनिटं खिडकीबाहेरच्या लिंबाच्या झाडाकडं बघत बसलो. मग पुढची वस्तू. 20 पैकी 1 आली: ‘पाणी’, तांब्या दाखवल्यावर. तो गुण मी अर्धाच धरला होता, मग खोडून शून्य केला आणि शेजारी लिहिलं: अर्थानं जवळचा शब्द.

मग मी डब्यातली सुई-दोऱ्याची रीळ, काडीपेटी, डबी एका रांगेत मांडली आणि एकेक उचलून बाजूला ठेवत नुसता सूर लावला: ‘लाभ...’ मामा सरसावून बसले. ‘लाभ, दोन, तीन, चार, पाच, सहा...’ ठसठशीत, एकही आकडा न चुकता. वस्तू तीनच होत्या. ते 31 पर्यंत गेले. थांबवायला मी ‘बास मामा’ म्हटलं, उपयोग झाला नाही. हात आडवा धरला तेव्हा थांबले. शेजारच्या खाटेवरची माणसं हसली, मामी मात्र रडल्या, कारण चार दिवसांत पहिल्यांदा नवऱ्याचं बोलणं त्यांना कळलं होतं. त्यांना तिथंच सांगावं लागलं की हे पाठ असलेलं आहे, मेंदूत वेगळ्या वाटेनं येतं. आकडे, वार, हरिपाठ, ‘राम कृष्ण हरी’, शिव्या, सगळं या वाटेचं. ‘आता मला सात म्हणून दाखवा’ असं सुटं मागितलं की येत नाही. आशा ठेवावी, पण ‘कालच्यापेक्षा सुधारणा’ म्हणून नोंदवू नये.

पुनरुच्चार एका शब्दापासून: घर, भाकरी, सोयाबीन. मग ‘पाऊस आला’. मग ‘मोंढ्यात आज तूर कमी आली’. शेवटी अर्थ नसलेले दोन शब्द, कारण ओळखीच्या शब्दाला अर्थाचा आधार मिळतो आणि बिनअर्थाच्या शब्दाला फक्त कानाचा. मामांचं ‘घर’ आलं, ‘भाकरी’ची ‘भाबरी’ झाली, पुढं सगळं सुंबरं.

आता तीन गोष्टी जमल्या: बोलणं ओघवतं, समज कमी, पुनरुच्चार कमी. म्हणजे वेर्निके. पुनरुच्चार शाबूत असता तर ट्रान्सकॉर्टिकल सेन्सरी. समज बरी असून फक्त पुनरुच्चार मोडला असता तर कंडक्शन. ओघ तुटक, समज बरी, पुनरुच्चार कमी असेल तर ब्रोका. तिन्ही गेलं असेल तर ग्लोबल. सगळं ठीक, नुसती नावं सापडत नाहीत, तर ॲनोमिक. ही वर्गवारी पहिल्या आठवड्यात पेन्सिलीनं लिहावी. महिनाभरात रुग्ण एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात जातो. उच्चार जड असणं, म्हणजे डिसार्थ्रिया, हे वेगळं प्रकरण: तिथं शब्द बरोबर असतो, जीभ जड असते, आणि लिहायला दिलं तर बरोबर लिहिता येतं.

8 आणि 9 तारखेला शनिवार-रविवार, बाह्य विभागाची सुट्टी, मी वॉर्डात गेले नाही. मधल्या काळात चष्मा आला.

10 तारखेला वाचन-लेखनाला सुरुवात करण्याआधी एक गोष्ट खटकली. चार वस्तू चौकोनात मांडून ‘कंगवा कुठाय?’ विचारलं की वरच्या उजव्या कोपऱ्याकडं मामांचं बोट कधीच जात नव्हतं. 7 तारखेचे कागद काढून बघितले, तिथंही तेच. समोर बसून बोटं हलवून नजर तपासली. दोन्ही डोळ्यांनी उजवीकडचा वरचा कोपरा दिसत नव्हता. मेंदूच्या त्या भागातून जाणाऱ्या दृष्टीच्या तारा तुटल्या की असं होतं. वस्तू एकाखाली एक, थोड्या डावीकडं मांडल्या आणि त्याच दहा प्रश्नांत दोन उत्तरं वाढली. म्हणजे आधी दोन गुण मीच कापले होते. तेव्हापासून मी कुणालाही चौकोनात मांडत नाही.

वाचनाला पेपरचा मथळा, बसची पाटी, शंभराची नोट. नोटा मामांनी किमतीनुसार लावल्या, एकही चूक नाही. मथळ्यावर बोट फिरवत जोरात वाचला, एक शब्द कागदावरचा नव्हता. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही हा भाग सोडू नये: नोटा, निवडणुकीची चिन्हं, घरच्यांचे फोटो आहेतच.

मग पेन हातात दिला. सही मागितली. सही आली, बँकेत असते तशी, शेपटीसकट. ‘तूर’ लिहा म्हटलं. मामांनी आधी डावीकडून उजवीकडं सरळ, न थरथरता शिरोरेघ ओढली. मग तिच्याखाली अक्षरं लटकवली: एक काना, एक ‘ब’सारखं, एक आकडी, पुन्हा काना. लांबून बघितलं तर सुवाच्य मराठी. जवळून काहीच नाही. त्यांचं बोलणं कागदावर उतरलं असतं तर असंच दिसलं असतं.

त्या सहीबद्दल मी अहवालात वेगळं वाक्य घातलं, आणि इथंही घालते. सही शाबूत आहे, पण वाचलेलं आणि ऐकलेलं समजत नाही. या अवस्थेत घेतलेली सही ही समजून दिलेली संमती नव्हे. घरात वाटणीचा वाद असेल, सातबाऱ्यावर नावं असतील, तर सहीसाठी कागद घेऊन खाटेपाशी कुणी ना कुणी येतंच. मुलाला हे वाचून दाखवलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, म्हणाला, ‘बरं झालं लिहिलं.’ जास्त विचारलं नाही.

शेवटचा भाग कृतींचा. ‘काडी विझवायला फुंकर मारा’ असं नुसतं सांगितलं, जमलं नाही. मी करून दाखवलं, लगेच जमलं. म्हणजे अडचण समजण्याची, हालचालीची नाही. करून दाखवूनही ओठ चाचपडत राहिले असते तर ॲप्रॅक्सियाचा, म्हणजे ताकद असूनही हालचाल जुळवता न येण्याचा, विचार करावा लागला असता.

अहवाल दीड पान झाला. वर तारीख आणि वेळ, चष्मा होता की नव्हता, भाषा कोणती, किती वेळात थकले. मग गुण. ही घरगुती कार्डं आहेत, त्यांची तुलना प्रमाणित चाचणीच्या गुणांशी करू नये, हे ठळक. आणि नर्सिंगसाठी मराठीत चार ओळी खाटेवर चिकटवल्या: समोर येऊन बोला, छोटं वाक्य, वस्तू दाखवा, ओरडू नका. ओरडण्याचा मोह सगळ्यांना होतो. कान ठीक आहेत.

13 तारखेला सुट्टी झाली. जाताना केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, सीटीची फिल्म आणि माझा अहवाल, सगळ्याच्या दोन-दोन प्रती काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायला सांगितल्या. गावाकडं कागद पत्र्याच्या पेटीत जातो आणि पावसाळ्यात चिकटतो.

14 मार्चला आले तेव्हा मामा कमी बोलत होते. घरच्यांना वाटलं बिघडलं. उलट होतं. आपण चुकतोय हे त्यांना आता कळू लागलं होतं, म्हणून थांबत होते, डोळ्यांत पाणी येत होतं. पहिल्या आठवड्यात स्वतःची चूक कळत नसल्यानं माणूस निवांत असतो आणि घरचे रडतात. महिन्यानं उलटं होतं. या टप्प्यावर मी चाचणी लवकर आवरते. हो-नाहीचे 16 बरोबर, खोट्या प्रश्नांतले 7. पुनरुच्चार मात्र तसाच मोडका. पेन्सिलीनं लिहिलेलं ‘वेर्निके’ खोडून ‘कंडक्शनकडे’ लिहिलं.

सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त असतो, म्हणून आठवड्यातून दोनदा बोलावलं होतं. ते पंधरा दिवसांतून एकदा आले. एसटीचं जाणं-येणं दोघांचं, वर दिवसाची मजुरी बुडते. मी मुलाला घरी करायचे तीन खेळ दिले आणि दर रविवारी आवाजाची क्लिप पाठवायला सांगितलं. बहुतेक रविवारी आली.

मग दिव्यांग प्रमाणपत्र. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात वाचा आणि भाषा दिव्यांगता आहे आणि तिच्या व्याख्येत अफेझियाचा म्हणजे वाचाघाताचा उल्लेख नावानिशी आहे. पण अट कायमस्वरूपी असण्याची. फेब्रुवारीतच एक ओळखीचे गृहस्थ मुलाला ‘आत्ताच काढून टाक’ म्हणत होते. मी थांबायला लावलं. जुलैअखेर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरला: आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, सही स्कॅन करून. पहिल्यांदा अर्ज परत आला, कारण आधारवर आडनावाचं एक अक्षर वेगळं होतं. दुसऱ्यांदा तपासणीच्या दिवशी एका टेबलावरून माझा अहवाल परत आला, त्यावर माझ्या आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांकाचा शिक्का पुसट उमटला होता. शिक्क्याखाली पेननं क्रमांक लिहायची सवय तेव्हापासून लागली. दोन फेऱ्या, बारा दिवस.

प्रमाणपत्र देणाऱ्या बोर्डासाठी घरगुती डबा चालत नाही, प्रमाणित चाचणी लागते. वेस्टर्न अफेझिया बॅटरीत बोलणं, समज, पुनरुच्चार आणि नामं मिळून 100 पैकी अफेझिया कोशंट, म्हणजे वाचाघाताचा गुणांक, काढतात आणि 93.8 च्या खाली वाचाघात धरतात. मामांना त्या दिवशी सव्वा तास लागला, मध्ये दोनदा चहा. नामांच्या भागात किल्ली आली.

‘लाभ,’ मामा म्हणाले. मग माझ्याकडं बघितलं, हात आडवा केला, मोंढ्यात माप थांबवताना करतात तसा. ‘नाही, नाही. चा... चाबी.’

मी 20 सेकंदांच्या आत उत्तर आलं असं लिहिलं, आणि शेजारच्या रकान्यात: चूक स्वतः ओळखली, स्वतः सुधारली.